गुडघा वाचायला शिकताना

ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा बदलण्यात आला. पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये त्याच रुग्णालयात उजवा. दोन्ही वेळा शस्त्रक्रियेची सूत्रे न्यूयॉर्कहून आलेल्या डॉ. चित्तरंजन राणावत यांच्याकडे होती. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा आठवड्यांत, जुलैच्या मध्यात, वाजपेयी आग्र्यात परवेझ मुशर्रफ यांच्याशी वाटाघाटी करत होते. झिजलेल्या गुडघ्यावर शेक, लेप आणि काठी यांपलीकडे काही उपाय असतो, ही गोष्ट त्या बातम्यांमुळे महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत पोचली.

याच दोन शस्त्रक्रिया त्या काळी अमेरिकेतल्या एखाद्या रुग्णालयात झाल्या असत्या, तर नोंदींना संकेतांक लावणाऱ्या तिथल्या कोडरने रुग्णालयाच्या बिलासाठी दोन्हींना एकच आकडा लावला असता: ८१.५४. तेव्हा चालणाऱ्या आयसीडी-९-सीएम या संकेतावलीत पहिल्यांदा गुडघा बदलण्याला तेवढा एकच कोड होता. डावा की उजवा, हे सांगायला त्यात जागा नव्हती. इतकेच काय, गुडघ्याचा फक्त एक कप्पा बदलला तरी तोच कोड आणि तिन्ही बदलले तरी तोच. आजाराच्या कोडाची गत याहून वाईट. गुडघ्याच्या प्राथमिक ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी ७१५.१६ वापरत, आणि त्यातला शेवटचा सहा ‘पायाचा खालचा भाग’ दाखवत असे. गुडघा त्या भागातच गुंडाळलेला! आठ महिन्यांच्या अंतराने दोन वेगळ्या पायांवर झालेल्या शस्त्रक्रिया कागदावर एकमेकींच्या नकला दिसल्या असत्या. डावा गुडघा कधीचा आणि उजवा कधीचा, हे नुसते आकडे पाहणाऱ्याला कळलेच नसते.

१ ऑक्टोबर २०१५ रोजी अमेरिकेत आयसीडी-१० लागू झाली आणि गुडघ्याला कागदावर दोन बाजू मिळाल्या. दाखल झालेल्या रुग्णाच्या शस्त्रक्रियेसाठी तिथली रुग्णालये आता आयसीडी-१०-पीसीएस वापरतात. तिचा प्रत्येक कोड सात अक्षरांचा आणि प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली. ०एसआरसी०जे९ हा कोड घ्या. पहिले शून्य म्हणजे वैद्यकीय व शल्य विभाग. एस म्हणजे शरीराच्या खालच्या भागातले सांधे. आर म्हणजे सांधा बदलणे. सी म्हणजे उजवा गुडघा. डावा असता तर इथे डी आला असता. पुढचे शून्य सांगते की सांधा उघडून काम केले. जे म्हणजे कृत्रिम साहित्य, आणि शेवटचे नऊ म्हणजे ते सिमेंटने बसवले. बिनसिमेंटचे असेल तर ए. या संकेतावलीतून इंग्रजी ओ आणि आय ही अक्षरे मुद्दाम वगळली आहेत, शून्य आणि एक यांच्याशी गल्लत होऊ नये म्हणून.

एवढे सगळे सात अक्षरांत मावते खरे, पण सर्जनने लिहिलेल्या ऑपरेशन नोटमधून ते कुणीतरी वेचून काढावे लागते. ते काम कोडरचे. पुणे, नवी मुंबई, हैदराबाद, चेन्नई इथल्या कार्यालयांत बसून हजारो तरुण-तरुणी अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदी वाचतात. त्यांत फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपी, सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेले असतात. बीएएमएस, बीएचएमएस झालेलेही असतात. सीपीसी या कोडर-प्रमाणपत्राची परीक्षा देताना कोडांची जाडजूड पुस्तके त्यांनी पुन्हा पुन्हा चाळलेली असतात. गुडघा मात्र पुष्कळांनी शेवटचा पाहिलेला असतो तो कॉलेजच्या आकृतीत, नावे पाठ करण्यापुरता. पुढच्या पानांमागचा आग्रह एवढाच आहे: आधी गुडघा, मग कोड. हा क्रम उलटला की नोट वाचणारे डोळे ओळखीचा शब्द सापडेपर्यंत धावतात आणि तो सापडला की थांबतात. चुका नेमक्या तिथे होतात.

गुडघ्याच्या सांध्यात तीन हाडे भाग घेतात. मांडीचे हाड म्हणजे फीमर, नडगीचे हाड म्हणजे टिबिया आणि पुढची वाटी म्हणजे पॅटेला. पायाच्या बाहेरच्या कडेने जाणारे फिब्युला हे बारीक हाड गुडघ्याखाली येऊन टिबियाला टेकते, पण मुख्य सांध्यात उतरत नाही. फीमरच्या खालच्या टोकाला दोन गोलाकार उंचवटे असतात, ते कॉन्डाइल. टिबियाचा माथा जवळजवळ सपाट, तो प्लॅटो. गोल उंचवटे सपाट माथ्यावर टेकतात, म्हणजे हाडांच्या आकारात स्थैर्य फारसे नाहीच. ते येते बंधांतून आणि स्नायूंतून. आत एकमेकांना छेदून जाणारे दोन क्रुशिएट लिगामेंट, दोन्ही कडांना दोन कोलॅटरल लिगामेंट, आणि उंचवटे व माथा यांच्यामध्ये चंद्रकोरीसारख्या दोन मेनिस्कस. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर आणि सगळ्याला आतून सायनोव्हियमचे अस्तर, जे वंगणासारखा द्रव पाझरवते. वाटी ही मांडीच्या स्नायूच्या कंडरेत रुतलेली असते आणि फीमरच्या पुढच्या खाचेतून वरखाली सरकते.

यातून सांध्याचे तीन कप्पे पडतात. फीमर आणि टिबिया यांच्यामधला आतला, त्यांच्यामधलाच बाहेरचा, आणि वाटी व फीमर यांच्यामधला पुढचा. कोडरने बाकी काही विसरले तरी चालेल, हे तीन कप्पे विसरून चालणार नाही. डॉक्टरांच्या बिलासाठी वापरली जाणारी सीपीटी ही संकेतावली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ मध्ये प्रथम काढली. तिच्यात २७४४६ म्हणजे कॉन्डाइल आणि प्लॅटो, आतला किंवा बाहेरचा कप्पा. २७४४७ म्हणजे आतला आणि बाहेरचा, दोन्ही. वाटीचा पृष्ठभाग बदललेला असो वा नसो. एका ‘किंवा’ने आणि एका ‘आणि’ने दोन शस्त्रक्रिया वेगळ्या केल्या आहेत, आणि मूळ पुस्तकात ते दोन शब्द ठळक मोठ्या अक्षरांत छापले जातात ते उगाच नाही.

इथे मराठी कोडरने विशेष सावध राहावे. आपल्याकडे सांधा बदलला की लोक म्हणतात, ‘गुडघ्याच्या वाट्या बदलल्या’. प्रत्यक्षात संपूर्ण सांधा बदलताना कित्येक सर्जन वाटीला हातही लावत नाहीत. ती जशीच्या तशी ठेवतात. वाटीचा मागचा पृष्ठभाग बदलला तरी २७४४७, नाही बदलला तरी २७४४७. आणि फक्त वाटीवरच कृत्रिम पृष्ठभाग बसवला तर कोड वेगळाच, २७४३८. वाटी बदलली हे वाचून हात शेवटच्या कोडाकडे वळला, तर एक मोठी शस्त्रक्रिया कागदावर अगदी छोटी होऊन बसते.

दुसरा घोटाळा आतल्या-बाहेरच्याचा. मीडियल म्हणजे शरीराच्या मध्यरेषेकडची बाजू, लॅटरल म्हणजे तिच्यापासून दूरची. उजव्या गुडघ्याची मीडियल बाजू डाव्या पायाकडे तोंड करून असते. नवखा कोडर ‘लॅटरल’ आणि ‘लेफ्ट’ यांची अदलाबदल करतो, विशेषतः नोटमध्ये दोन्ही शब्द जवळजवळ आले तर. पीसीएसमध्ये एका कप्प्याच्या रोपणातही आतला, बाहेरचा आणि पुढचा यांना वेगवेगळी अक्षरे आहेत, त्यामुळे ही अदलाबदल थेट कोडात उतरते. चालताना शरीराचा भार आतल्या कप्प्यावर जास्त पडतो. तो आधी झिजतो आणि पाय बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखे वाकतात. नोटमधला ‘व्हेरस’ हा शब्द नेमकी ही स्थिती सांगतो. ज्याला हे ठाऊक आहे, त्याला ‘व्हेरस गुडघा, बाहेरच्या कप्प्याचे रोपण’ असे वाचताच खटकेल आणि तो ती ओळ पुन्हा वाचेल. शरीररचना शिकण्याचा रोजचा उपयोग असा असतो.

गुडघा बदलण्याच्या इतिहासात डोकावले तर आजच्या नोटमधले पुष्कळ शब्द आपोआप उलगडतात. १८९० च्या सुमारास बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लिस ग्लुक यांनी क्षयाने खाल्लेल्या गुडघ्यांत हस्तिदंती सांधे बसवून पाहिले. जंतुसंसर्गाने ते प्रयोग बुडाले. १९५० च्या दशकात स्वीडनच्या वॉल्डियस यांचा सांधा आला, तो दाराच्या बिजागरीसारखा एकाच अक्षावर फिरणारा. पण गुडघा तसा फिरत नाही. वाकताना फीमरचे उंचवटे टिबियावर लोळतात आणि घसरतात, पाय पूर्ण सरळ होताना टिबिया किंचित बाहेर वळते. ही सगळी पिळवट एकट्या अक्षावर यायची आणि बिजागरी हाडातून सैल व्हायची. इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्न्ली यांनी खुब्यासाठी धातू, पॉलिएथिलीन आणि अॅक्रिलिक सिमेंट यांची सांगड घातली होती. तिथेच काम करणाऱ्या कॅनडाच्या फ्रँक गन्स्टन यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस तीच सांगड गुडघ्यावर आणली, आणि बिजागरी टाकून दिली. पुढे १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत ‘टोटल कॉन्डायलर’ गुडघा वापरात आला. आजचे बहुतेक इम्प्लांट त्याच घराण्यातले. तो घडवणाऱ्यांत जॉन इन्सॉल, पीटर वॉकर आणि चित्तरंजन राणावत होते. ब्रीच कँडीत पंतप्रधानांच्या गुडघ्यावर काम करणारे राणावत ते हेच.

आता खुद्द शस्त्रक्रिया. गुडघ्यावर मधोमध उभा छेद घेतात, वाटीच्या आतल्या कडेने सांधा उघडतात आणि वाटी बाजूला सारतात. मेनिस्कसचे उरलेसुरले भाग, हाडांच्या कडांना वाढलेले काटे, सुजलेले अस्तर काढून टाकतात. फीमरच्या टोकाला साचा लावून ठरलेल्या कोनांत काप घेतात, टिबियाचा माथा सपाट कापतात. गुडघा वाकडा असेल तर आवळलेले बंध मोकळे करतात. चाचणीचे भाग बसवून पाय वाकवून-सरळ करून पाहतात, आणि समाधान झाले की खरे भाग बसवतात. फीमरवर बहुधा कोबाल्ट-क्रोमियमचे आवरण, टिबियावर धातूची तबकडी, त्या दोघांमध्ये पॉलिएथिलीनचा थर, आणि सर्जनला वाटले तर वाटीच्या मागे पॉलिएथिलीनची छोटी चकती. ‘गुडघा काढून दुसरा बसवला’ अशी कल्पना डोक्यात असेल तर ती पुसून टाकावी. बदलतात ते सांध्याचे पृष्ठभाग. बाजूचे बंध, स्नायू, कंडरा सारे रुग्णाचेच राहतात.

या वर्णनात डझनभर क्रियापदे आहेत आणि प्रत्येकाला वेगळा कोड शोधण्याचा मोह होतो. मेनिस्कस काढले म्हणून एक, अस्तर काढले म्हणून एक, बंध सैल केले म्हणून आणखी एक. त्याच गुडघ्यावर त्याच वेळी केलेली ही सगळी कामे सांधा बदलण्याचीच अंगे आहेत. त्यांचे पैसे वेगळे मागणे म्हणजे एकच काम दोनदा विकणे. सर्जनला जे महत्त्वाचे असते ते सगळे कोडाला महत्त्वाचे नसते, हेही शिकावे लागते. मागचा क्रुशिएट लिगामेंट ठेवला की कापला, यावर सर्जन परिषदांत तासन्तास बोलतात. २७४४७ ला त्याचे काही देणेघेणे नाही. सिमेंट वापरले की नाही, हेही सीपीटी विचारत नाही. पीसीएस मात्र विचारते.

निदानाचे कोड वरवर सोपे दिसतात. एम१७.११ म्हणजे उजव्या गुडघ्याचा प्राथमिक ऑस्टिओआर्थ्रायटिस, एम१७.१२ डाव्याचा, एम१७.० दोन्हींचा. जुन्या फ्रॅक्चरनंतर झिजलेल्या गुडघ्याची ओळ वेगळी, संधिवाताभाचे, म्हणजे र्‍हुमॅटॉइडचे, प्रकरणच वेगळे. खरी कसोटी काळाची असते. दोन्ही गुडघे झिजलेला एक रुग्ण कल्पनेत घ्या. पहिल्या खेपेला डावा गुडघा बदलायला तो दाखल होतो. शस्त्रक्रिया एकाच गुडघ्यावर होणार असली तरी आजार दोन्हींत आहे, म्हणून एम१७.०. काही महिन्यांनी तो उजव्यासाठी येतो. आता डाव्यात तो आजार उरलेला नाही. तिथे कृत्रिम सांधा आहे. म्हणून या खेपेला एम१७.११, आणि जोडीला झेड९६.६५२, म्हणजे डाव्या बाजूला कृत्रिम गुडघा असल्याची नोंद. अमेरिकेच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांत हा नियम स्पष्ट लिहिलेला आहे, तरी जुन्या नोंदीतला एम१७.० उचलून पुढे ढकलण्याची सवय सहज लागते. तसे केले की बदललेला गुडघा कागदावर पुन्हा आजारी होतो. दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलले तर डॉक्टरच्या बिलात २७४४७ ला ५० हा मॉडिफायर लागतो, आणि रुग्णालयाच्या बाजूने पीसीएसचे दोन स्वतंत्र कोड.

पहिले रोपण त्या मानाने सरळ म्हणायचे. अवघड वाट सुरू होते ती इम्प्लांट सैल झाल्यावर, त्याच्याभोवतीचे हाड मोडल्यावर, त्यात जंतू शिरल्यावर. दुरुस्तीत एकच भाग बदलला तर २७४८६; फीमरचा भाग आणि टिबियाचा संपूर्ण भाग बदलला तर २७४८७. जंतुसंसर्गात बरेचदा दोन टप्पे करतात. आधी इम्प्लांट काढून त्या जागी प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा स्पेसर ठेवतात, संसर्ग आटोक्यात आला की नवा सांधा बसवतात. या स्पेसरमध्येही भेद आहे. गुडघा ताठ ठेवणारा साधा स्पेसर पीसीएसच्या दृष्टीने आत ठेवलेली वस्तू असते. पृष्ठभागांना आकार दिलेला, वाकू देणारा स्पेसर मात्र ‘बदल’ या क्रियेत मोडतो. नोटमध्ये ‘स्पेसर’ एवढाच शब्द असेल तर कोडरने तिथे थांबलेच पाहिजे. उजव्या कृत्रिम गुडघ्याच्या संसर्गाचा कोड टी८४.५३एक्सए. त्यातला एक्स रिकामी जागा भरतो आणि ए सांगतो की उपचार सक्रियपणे चालू आहेत. या ए ला ‘पहिली भेट’ समजणे ही फार पसरलेली चूक. रुग्ण चौथ्यांदा आला आणि संसर्गावरचा उपचार अजून चालूच असेल, तर ए च राहतो.

पैशाचे गणित याच अक्षरांवर उभे आहे. अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेत दाखल रुग्णाचा गुडघा पहिल्यांदा बदलण्याचे पैसे सहसा डीआरजी ४६९ किंवा ४७० या गटाने ठरतात. गंभीर सहव्याधी नोंदलेली असेल तर ४६९, नसेल तर ४७०. १ जानेवारी २०१८ पासून मेडिकेअरने संपूर्ण गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया ‘फक्त दाखल रुग्णांसाठी’ या यादीतून काढली. तेव्हापासून तीच शस्त्रक्रिया एखाद्या रुग्णाची दाखल होऊन, तर दुसऱ्याची बाह्यरुग्ण म्हणून होऊ शकते आणि रुग्णालयाच्या बिलाची संकेतावलीच बदलते: पहिल्याला पीसीएस, दुसऱ्याला सीपीटी. नोट शब्दशः सारखी असली तरी.

भारतात पैशाचा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या इम्प्लांटसाठी कर वगळून ५४,७२० रुपये, टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या खास प्रकारासाठी ७६,६०० रुपये. किंमत धातूवरून ठरू लागली, म्हणजे नोंदीत धातू बिनचूक असणे रुग्णाच्या खिशाशी जोडले गेले. आयुष्मान भारत योजनेतही गुडघा बदलण्याचे पॅकेज आहे. अमेरिकी नोटांवर घडलेल्या कोडरला हे ज्ञान घरच्या मातीतही उपयोगी पडते, ही समाधानाची बाब आहे.

आणि बिल चुकते झाल्यावरही कोड उरतो. आयसीडीचे मूळ १८९३ मध्ये झाक बर्तियाँ यांनी केलेल्या मृत्यूच्या कारणांच्या वर्गीकरणात आहे. माणसे कशाने जातात हे मोजण्यासाठी ते जन्मले. सांधेरोपणात मोजणीचे मोल स्वीडनने लवकर ओळखले. तिथे १९७५ मध्ये गुडघ्याच्या रोपणांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली आणि कोणता इम्प्लांट किती वर्षे टिकतो हे साऱ्या देशाला दिसू लागले. २०१० मध्ये एएसआर नावाचा खुब्याचा इम्प्लांट जगभरातून मागे घेतला गेला, तोही अशा नोंदवह्यांत फेरशस्त्रक्रियांचे प्रमाण डोळ्यांत भरल्यामुळे. नोंदवह्यांची स्वतःची पद्धत असते, पण बिलांच्या कोडांवरूनही संशोधक असेच प्रश्न विचारतात. डाव्याची फेरशस्त्रक्रिया उजव्याच्या नावावर गेली, तर त्यांच्या हिशेबात एक निकामी सांधा चांगला ठरतो आणि एक चांगला सांधा निकामी.

म्हणून जिथे नोट स्वतःशीच भांडते, तिथे कोडरने अंदाज करू नये. शीर्षकात डावा गुडघा आणि मजकुरात उजवा. किंवा शीर्षकात संपूर्ण रोपण आणि वर्णनात फक्त आतल्या कप्प्याचे काप. अशा वेळी सर्जनला लेखी क्वेरी पाठवायची, आणि तीही उत्तर सुचवणारी नको. ‘कृपया कोणत्या बाजूवर शस्त्रक्रिया झाली ते स्पष्ट करावे’ एवढी पुरते. कामाचा कोटा भरण्याच्या घाईत क्वेरी पाठवणे जिवावर येते, हे खरे. पण वर्णनातले काप, साचे, इम्प्लांटच्या चिकटपट्ट्यांवरची बाजू आणि आकार वाचता येत असतील, तर विसंगती चटकन दिसते आणि क्वेरीही दोन ओळींत होते.

पुढील प्रकरणे याच क्रमाने जातात: हाडे आणि कप्पे, मग आजार, मग पहिले रोपण, मग दुरुस्ती आणि संसर्ग. कोड सर्वात शेवटी, प्रत्येक प्रकरणाच्या टोकाला येतात, कारण ते बदलत राहतात. आयसीडी-१० च्या दोन्ही अमेरिकी संकेतावल्यांची नवी आवृत्ती दर १ ऑक्टोबरला लागू होते, एप्रिलमध्येही भर पडू शकते, आणि सीपीटी १ जानेवारीला नवी होते. इथला कोणताही कोड बिलावर चढवण्याआधी शस्त्रक्रियेच्या तारखेला लागू असलेली आवृत्ती उघडून पाहावी.